पुलाअलीकडचे चौदा टक्के

तेवीस वर्षं मी नववी-दहावीला गणित शिकवते आहे. टक्केवारीला मी सहसा भीत नाही. तरी त्या दुपारी आवळस खाडीच्या पुलाअलीकडे, फलकावर माझ्या गाडीच्या नंबरासमोर ‘पार जाण्याची शक्यता : १४ टक्के’ अशी अक्षरं उमटली, तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चौदाच होते.

“नापास,” शेजारच्या सीटवरून अप्पा म्हणाले.

“यंत्र बिघडलंय,” मी म्हटलं.

“यंत्र बिघडलं की शून्य तरी दाखवतं नाहीतर शंभर. चौदा दाखवतंय म्हणजे त्याचा काहीतरी हिशोब आहे.”

अप्पा, म्हणजे माझे वडील वामन टिपणीस, वय अठ्ठ्याहत्तर. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्म काढला आणि लहानमोठे सतरा पूल बांधले, त्यामुळे आपली बोट चुकते की काय यापेक्षा खाडीत खांब कसे ठोकतायत याकडेच त्यांचं लक्ष होतं. मला त्याचाही राग येत होता. बोट त्यांची, आणि घाम मला.

आम्ही सव्वाबाराला पेणहून निघालो होतो. पुलापलीकडे बोटींचं नवं बंदर आहे. तिथून संध्याकाळी एक मोठी बोट साडेदहा महिन्यांच्या फेरीवर निघणार होती. खास म्हाताऱ्यांसाठीची बोट, डॉक्टर वगैरे सगळं आत. दुपारी चारला बंदराचं दार बंद होणार होतं. दोघांच्या खोलीतले दोघंही चारच्या आत हजर नसतील, तर खोली प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या जोडीला मिळते. अप्पांच्या खोलीतली दुसरी व्यक्ती म्हणजे प्रमिला रेगे, रत्नागिरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका.

त्या रेगेबाई अप्पांना कानाच्या यंत्रांच्या शिबिरात भेटल्या. दोघांनी एकाच वेळी नवीन यंत्रं कानात घातली, आणि ऐकू येतंय का हे पाहायला एकमेकांशी बोलायला लागले, ते दीड वर्ष झालं तरी थांबलेले नाहीत. लग्न करायचं नाही म्हणाले, नुसती एक खोली. मी म्हटलं, छान. सगळ्यांना सांगताना मी छानच म्हणत होते. बोटीचा अर्जसुद्धा मीच भरला, रेगेबाईंच्या माहितीसकट. फक्त त्यांच्याशी बोलायला मला कधी वेळ झाला नव्हता.

आता त्या चौदा टक्क्यांबद्दल सांगायला हवं.

पूल जुना आहे. त्याला लागूनच नवा पूल उभा राहतोय, आणि नव्याचे खांब खाडीच्या तळात ठोकले की जुना हलतो. म्हणून तासातली चाळीस मिनिटं ठोकाठोकी चालते आणि वीस मिनिटं ती थांबते. त्या वीस मिनिटांत एकेरी रांगेनं एकशेऐंशी गाड्या पलीकडे जातात. त्याहून जास्त जाऊच शकत नाहीत. ज्यांना पूल मिळत नाही त्यांना खाडीला वळसा घालावा लागतो, दोन तास दहा मिनिटांचा.

काम सुरू झालं त्या महिन्यात एका कुटुंबाला पुलाच्या मध्यावर आठवलं की पासपोर्ट घरी राहिले. त्यांनी गाडी तिथेच वळवायला घेतली, रांग अडकली, ठोकण्याचं काम खोळंबलं आणि पलीकडे एक बोट निम्मे प्रवासी मागे ठेवून निघून गेली. त्यानंतर ‘सेतुवेळ’ आलं. सेतुवेळ कुणालाही ‘तुम्ही नक्की जाणार ना?’ असं विचारत नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. ते तुमची मागच्या काही महिन्यांची ये-जा पाहतं. गाडीची, फोनची, आणि बोटीच्या सामानावर बंदरानं पंधरा दिवस आधी लावलेल्या चकतीची. त्यावरून ते तुमची एक सावली तयार करतं आणि त्या सावलीला हजार वेळा घराबाहेर काढतं. कधी पाऊस, कधी पंक्चर, कधी गॅस बंद केला का ही शंका. हजार सावल्यांपैकी किती पलीकडे पोचल्या आणि किती मागे फिरल्या ते मोजलं की झाली शक्यता. साठच्या वर असाल तर पूल, खाली असाल तर वळसा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे नाणेफेकीचं उदाहरण देऊन समजावलं होतं. सगळ्यांना कळलं होतं.

म्हणजे माझ्या गाडीतल्या हजार सावल्यांपैकी आठशे साठ सावल्या मागे फिरत होत्या. का, ते मला कळेना.

“तुम्हालाच जायचं नसेल,” मी अप्पांना म्हटलं. “मनातून.”

“मला? दोन महिने मी बुटांना पॉलिश करतोय.”

“मग हे काय?”

“तू गाडी हळू चालवतेस. त्याला वाटत असेल, ही बाई पोचणारच नाही.”

एक चाळीसला ठोकणं थांबलं. आमच्या आजूबाजूच्या गाड्या एकेक करून पुलावर गेल्या. एका गाडीतले काका तर रांगेतच टपावरून घसरणारं सामान बांधत होते, त्यांनाही ब्याऐंशी टक्के. आमच्यापुढचा दांडा खालीच राहिला, आणि सेतुवेळची बाई गोड आवाजात म्हणाली, “कृपया वळसामार्गाने जावे. अंदाजे आगमन तीन वाजून पन्नास मिनिटे.”

“चल, वळसा घे,” अप्पा म्हणाले. “दहा मिनिटं हातात राहतात.”

“दहा मिनिटांत काय होतं? वाटेत एक ट्रक आडवा झाला की संपलं. पुढच्या खेपेला आपल्याला पूल मिळेल.”

“कशावरून?”

“माझं मन सांगतंय.”

गणिताच्या बाईनं हे म्हणावं, याचं अप्पांना आश्चर्य वाटलं असणार. मी गाडी थांब्याच्या आवारात लावली. त्या आवारात फोन बंद ठेवावे लागतात, पुलावरच्या मोजणीच्या यंत्रांना त्यांचा त्रास होतो. दोघांनी फोन बंद केले. मग तासभर आम्ही ठोकण्याचा आवाज ऐकत बसलो. अप्पा मध्येच म्हणाले, “खांब छान सरळ जातायत.” मी म्हटलं, “हो का.” मला त्यांच्याशी बरंच काही बोलायचं होतं. साडेदहा महिने म्हणजे थोडेथोडके नाहीत. पण मी त्यांना गोळ्यांच्या डब्यातल्या सकाळच्या गोळ्या कुठल्या आणि रात्रीच्या कुठल्या, हेच तिसऱ्यांदा सांगितलं.

दोन चाळीसला फलक पुन्हा उजळला. तेरा टक्के.

एक टक्का कमी झाला होता. आता वळशानं जायची वेळही निघून गेली होती. मी दार उघडून खाली उतरले आणि आवारातल्या खोलीकडे तरातरा चालत गेले.

खोलीत एक मुलगी होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट, छातीवर ‘दर्शना’ नावाची पट्टी. मी तिच्यापुढे आवाज चढवला. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, तिकीट आहे, सामान आहे, त्यांची बोट चुकली तर जबाबदार कोण, हे सगळं मी वर्गात बोलते त्या पट्टीत बोलले. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग हातातल्या पाटीवर आमचा नंबर टाकला.

“ताई, मी काय करू? मशीन म्हनतंय तुमची बॅग लय घोटाल्याची हाय. सात दिवसांत सात वेला घराबाहेर गेली नि सात वेला परत आली.”

“बॅग?”

तोवर अप्पा काठी टेकत मागून आले होते. “प्रस्थान,” ते म्हणाले, आणि हसायला लागले.

त्या मुलीला प्रस्थान म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. अप्पांची थोरली बहीण, कमलआत्या, पंचांगाशिवाय पाऊल उचलत नाही. तिनं मुहूर्त काढला तो गेल्या गुरुवारचा, सकाळी सात वीसचा. बोट आजची. अशा वेळी जुनी माणसं काय करतात, तर मुहूर्ताला सामानातली एखादी वस्तू ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं, माणूस मग सावकाश निघतो. अप्पा असलं काही मानत नाहीत, पण आत्या फोनवर रडायला लागली, तेव्हा म्हणाले, नेऊन ठेव बाई बॅग. म्हणून गुरुवारी सकाळी मी त्यांची मोठी बॅग, बंदराच्या चकतीसकट, समोरच्या घरत आडनावाच्या शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

“आनि परत का आनली?” दर्शनानं विचारलं. “ठेवलेलं परत आनत नाय ना?”

“कानाच्या यंत्राचा चार्जर राहिला होता.”

“बरं. नि दुसऱ्यांदा?”

“स्वेटर.”

“सात वेळा?” अप्पा म्हणाले. “मी तीनच मोजल्या.”

मग मी सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा गोडा मसाला. चौथ्यांदा बॅगेचं वजन. पाचव्यांदा आईचा फोटो आत घातला, सहाव्यांदा तो काढून ठेवला, कारण रेगेबाईंना कसं वाटेल. सातव्यांदा कशासाठी आणली होती ते मला आठवेना. आणली होती एवढं खरं.

पण माझ्या जिवात जीव आला. उत्तर सापडलं होतं. यंत्राला प्रस्थान ठाऊक नाही. त्याला वाटलं, हा माणूस रोज निघतो आणि रोज परत येतो. “सोपं आहे,” मी म्हटलं. “बॅग गाडीतून काढा. बंदराच्या सामानाच्या ट्रकनं पाठवा. आता बघा.”

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, म्हणजे कारण कळतं. हे मी मुलांकडून घोटून घेते. दर्शनानं बॅग गाडीच्या नोंदीतून काढली, ट्रकवर टाकली, आणि तिघंही पाटीकडे बघत राहिलो.

अठरा.

“पाचच वाढले,” अप्पा म्हणाले.

“असं कसं?” मी म्हटलं. “मग उरलेलं काय आहे?”

दर्शनानं पाटीवर बोट फिरवलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “ताई, तुमची गाडी या महिन्यात तीनदा हितवर आली नि हिथूनच परत गेली.”

“तो सराव होता. किती वेळ लागतो ते बघायला आले होते. परीक्षेच्या आधी आपण केंद्र बघून येत नाही का?”

“मग पूल वलांडून बंदर नाय बघितलं?”

तिन्ही वेळा मी त्या दांड्यापर्यंत आले होते, घड्याळात वेळ टिपली होती आणि गाडी वळवली होती. पलीकडे जावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं? वेळ नव्हता. वह्या तपासायच्या होत्या. एकदा तर रविवार होता.

“थांबा, बघू,” दर्शना म्हणाली. “बंदराची बस हाय. तीन चालीसच्या खेपेला जाते. आजोबांचं नाव तिच्यात टाकते. बॅग पन त्यांच्याबरोबरच, परत नोंदीत घेते.” तिनं दोन-तीन बटणं दाबली आणि पाटी आमच्याकडे वळवली.

त्र्याण्णव टक्के.

तीच बॅग, तेच अप्पा, तोच पूल. एकच गोष्ट बदलली होती.

मी खोलीबाहेर येऊन कठड्याला टेकले. माझा नुसता गोंधळ उडाला होता. हे यंत्र सराव आणि माघार यात फरक करू शकत नाही, हे मला शंभर लोकांपुढे सिद्ध करून दाखवता आलं असतं. बॅगेच्या सातही खेपांना माझ्याकडे कारणं होती, निदान सहांना तरी. आणि तरीही दीड तासापूर्वी वळसा न घेता मी इथे का बसून राहिले, याचं कारण मात्र माझ्याकडे नव्हतं. मला ते जायला नको होते. दोन महिने छान छान म्हणत मी फिरत होते आणि मला ते अजिबात जायला नको होते. हे मला आधी कळलं की यंत्राला, तेही मला सांगता येईना.

अप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खाडीत ठोकणं चालू होतं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलले.

“निरू, आपण घरी जाऊ. मी काही आता लहान नाही बोटीबिटीत फिरायला.”

“का?”

“का म्हणजे काय? राहू दे. प्रमिलाला मी सांगतो. ती समजून घेईल.”

ते खरंच बोलत होते. मी ‘बरं’ म्हटलं असतं तर त्यांनी गाडीत बसून पट्टा लावला असता, आणि पेणपर्यंत एक शब्द बोलले नसते, आणि पुढेही कधी नाही. मी त्यांना गेली नऊ वर्षं, आई गेल्यापासून, रोज बघतेय. मला माहीत आहे. जवळजवळ म्हटलंच होतं मी ‘बरं’.

“काही नाही घरी जायचं,” मी म्हटलं. “बस आलीय.”

“तू बोटीपर्यंत येणार होतीस.”

“मी आले तर तुम्ही पोचत नाही. आकडा बघितलात ना?”

“आकड्याला काय कळतंय?”

“थोडंफार कळतंय. चला, निघा. टोपी घ्या. रात्रीच्या गोळ्या निळ्या कप्प्यात.”

त्यांनी बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबून माझ्याकडे वळून बघायला लागले. मागे दोन म्हाताऱ्या खोळंबल्या होत्या. मला रडू फुटणार होतं, म्हणून मी रागावले.

“अप्पा, तोंड काय बघता? बसा ना आत.”

ते बसले. ठोकणं थांबलं, दांडा वर गेला आणि बस पुलावर चढली. साडेदहा महिन्यांचा निरोप म्हणून माझ्या तोंडून एवढंच वाक्य निघालं. तीन बेचाळीस झाले होते.

आवाराबाहेर येऊन मी फोन चालू केला. अनोळखी नंबरावरून पाच वेळा फोन येऊन गेल्याचा संदेश होता. मी तो नंबर लावला.

“तुम्ही निरुपमा का?” बाईंचा आवाज करडा होता, मुख्याध्यापिकेचाच. “मी प्रमिला रेगे. ह्यांचा फोन बंद लागतोय. मला बंदराकडून निरोप आला, सहप्रवाशाची शक्यता चौदा टक्के. मग आला तेरा. मी बाहेर येऊन बसलेय. खोली सोडल्याचा अर्ज भरलाय, सही तेवढी राहिलीय.”

“अहो, सही कशाला करताय? ते निघालेत. बसनं येतायत. आता शक्यता त्र्याण्णव टक्के आहे.”

“मघाशी तेरा, आता त्र्याण्णव. मी कशावर विश्वास ठेवायचा? खरं सांगू का? मला वाटलं, तुम्ही त्यांना सोडणार नाही. मला त्याचा राग नाही आला. वडील आहेत ते तुमचे. पण एकटीनं मला जायचं नाही. तुम्ही सांगा, तुम्ही काय म्हणता?”

दिवसभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. आधी परस्पर मोजलं होतं आणि मग आकडा सांगितला होता.

“मला ते जायला नको होते,” मी म्हटलं. “अजूनही नकोयत. पण मी त्यांना बसमध्ये बसवलंय, माझ्या हातानं. ते येतायत. तुम्ही तो अर्ज फाडा, आणि दारापाशी उभ्या राहा. त्यांना गर्दीत माणूस पटकन सापडत नाही.”

कागद फाटल्याचा आवाज आला. त्यांनी तो माझ्यासाठी फोनजवळ धरून फाडला असावा.

फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही. बसला दहा-बारा मिनिटं लागणार होती. मग मी म्हटलं, “ते झोपेत बोलतात.”

“काय बोलतात?”

“सिमेंट-वाळूचं प्रमाण. घाबरू नका. कूस बदलायला लावली की थांबतात.”

“चहा बिनसाखरेचा सांगितलाय मी त्यांच्यासाठी.”

“हो, पण मग चार बिस्किटं बुडवून खातात.”

“ते माहिती आहे,” त्या म्हणाल्या, आणि मला बरं वाटावं की वाईट, ते ठरवता येईना. मी त्यांना गुडघ्याचं तेल, उन्हात बाहेर पडायची सवय, डॉक्टरांशी वाद घालणं, सगळं सांगत गेले. त्या ‘बरं’, ‘लिहून घेते’ असं म्हणत होत्या. खरंच लिहून घेत होत्या बहुतेक. पुलावरून गाड्या जात होत्या, त्यातली बस कुठली हे आता ओळखू येत नव्हतं.

“आली बस,” त्या एकदम म्हणाल्या. “उतरतायत माणसं. थांबा हं. हे दिसत नाहीत. नाही, दिसले. टोपी आहे डोक्यावर. उलट्या बाजूला चाललेत बघा. अहो! इकडे! अहो, मी इकडे आहे!”

आणि फोन बंद झाला. आपण माझ्याशी बोलत होतो हे त्या विसरून गेल्या असणार.

चार वाजायला सहा मिनिटं होती. मी फोन कानाशी तसाच धरून उभी होते. आई गेल्यापासून नऊ वर्षं अप्पांना ‘अहो’ म्हणून कुणी हाक मारली नव्हती, आणि इतकी वर्षं त्याच घरात राहून ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.